बुलेट तीन वर्षं ताडपत्रीखाली होती, अजून थोडी राहू द्या

प्रश्न: मी २४ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली. मोशीत रूम करून राहते आणि चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी नोकरी करते. हातात २७ हजार येतात. खर्च असे: खोलीभाडं साडेसहा, मेस साडेतीन, घरी सहा, येण्याजाण्याचे बावीसशे, बाकी किरकोळ तेहतीसशे. शिल्लक ९५ हजार, त्यातले ४० हजार एफडीत. ओळखीतल्या एकांची २०१२ ची बुलेट आहे. ते वारले, तेव्हापासून तीन वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. मुलगा ५५ हजारांत द्यायला तयार आहे. मॅकॅनिकने नीट करायला २५ हजार सांगितले. मी आजवर फक्त स्कूटी चालवलीय, पण बुलेटचं वेड शाळेपासूनचं. ऑफिसमधले एकजण त्यांची २०१८ ची शाइन ४२ हजारांना विकतायत. बाबा बुलेटला नाही म्हणतात आणि तेवढ्यावरून बोलत नाहीत. एक फायनान्सवाला ६० हजार ‘१२ टक्क्यांनी’ द्यायला तयार आहे, म्हणजे शिल्लक मोडावी लागणार नाही. बुलेटसाठी २ हजार टोकन दिलंय. घेऊ का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

खर्चाचा हिशेब रुपया-रुपयाने लिहिलात, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. इतकं स्वच्छ पत्र क्वचित येतं. आणि ‘वेड’ हा शब्द खोडला नाहीत, तेही बरं केलंत. गाडीच्या व्यवहारात वेड लपवलं की ते ‘गुंतवणूक’ असं नाव घेऊन परत येतं.

तुम्ही विचारलंय, घेऊ का. तिथे येऊच. मला त्याआधी त्या गाडीचं आरसी बुक बघायचंय. तुम्ही लिहिता, मालक वारले आणि मुलगा विकतोय. म्हणजे नोंदणी बहुधा अजून वडिलांच्याच नावावर आहे. तसं असेल तर आजच्या घडीला मुलगा कागदोपत्री त्या गाडीचा मालक नाही, आणि जे त्याच्या नावावर नाही ते तो तुमच्या नावावर करू शकत नाही. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. इथे तीन वर्षं गेली. तरी ते आता होणार नाही असं नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, राहिलेला दंड हे सगळं करता येतं, पण ते काम त्याचं आहे. आधी गाडी त्याच्या नावावर, मग विक्रीनंतर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या, मग तुमचे पैसे. या क्रमात उलटापालट नको. ‘ताई, तुम्ही गाडी न्या, कागद मागाहून करू’ हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय. तो ‘मागाहून’ अजून उजाडायचाय.

नाव बदलण्यावर एवढा भर देतोय, कारण ते निव्वळ कागदी सोपस्कार नाहीत. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते मिळायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: गाडीची नोंदणी तुमच्या नावावर, पॉलिसी तुमच्या नावावर आणि तुमच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचा चालू परवाना. दिवंगत काकांच्या नावावरची गाडी तुम्ही तळेगाव चौकाच्या कोंडीतून रोज नेलीत आणि नको ते घडलं, तर तुमच्या घरच्यांना त्या १५ लाखांतलं काही मिळणार नाही. घरी दरमहा सहा हजार पाठवणाऱ्या मुलीच्या बाबतीत माझ्या लेखी हा आकडा ५५ हजारांपेक्षा मोठा आहे. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. त्यामुळे घाई त्यालाही परवडणारी नाही.

परवान्याचंही बघा. स्कूटी चालवता म्हणजे तुमचा परवाना विनागिअरचा असू शकतो. त्यावर गिअरची मोटरसायकल चालवणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालवणं. शिकाऊ परवाना काढा. पक्क्यासाठी त्यानंतर किमान तीस दिवस थांबावं लागतं. हे तीस दिवस पुढे आपल्या उपयोगी पडणार आहेत.

आता वय. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७. तुम्ही ८० हजार घालून ती चकाचक कराल आणि थोड्याच काळात तिला तपासणीसाठी आरटीओत उभं करावं लागेल. नूतनीकरणाचं शुल्क १ हजार रुपये, वर पर्यावरण कर. पास झाली तर पुढची पाच वर्षं. रक्कम मोठी नाही, पण पास होणं गृहीत धरता येत नाही. विकणाऱ्याने सांगितलेल्या ५५ हजारांत ही गोष्ट कुठेच धरलेली दिसत नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या हिशेबात नसावी. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो फायदा पुरता पोचला तर नव्या गाडीच्या किमतीत शंभरातले जवळपास आठ रुपये कमी होतात. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरायला हवी, पण जुन्या गाडीचे मालक ही बातमी वाचत नाहीत. तुम्ही वाचून दाखवा.

मॅकॅनिकच्या २५ हजारांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माझे हात भाजलेत. कॉलेजात असताना मी एक बंद पडलेली टू-स्ट्रोक गाडी हौसेने घेतली होती. मेस्त्रींनी आकडा सांगितला, मी मान डोलावली. पहिल्या आठवड्यात कार्ब्युरेटर आणि वायरिंग झालं, गाडी फटफटली, मी पेढे वाटले. मग क्रँक आवाज करायला लागला. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांशी माझी इतकी ओळख झाली की ते चहा विचारायला लागले. शेवटी सांगितलेल्या आकड्याच्या अडीचपट पैसे गेले आणि गाडी भंगाराच्या भावाने. मेस्त्री खोटं बोलले नव्हते. इंजिन उघडल्याशिवाय आत काय आहे ते त्यांनाही कळत नव्हतं.

तीन वर्षं उभ्या गाडीत काय काय होतं, ते त्या २५ हजारांच्या यादीशी ताडून बघा. बॅटरी गेलेलीच असणार. टायर दिसायला जाड असले तरी रबर कडक होऊन चिरा पडतात. टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. फोर्कचे ऑइल सील गळतात, क्लचप्लेटा चिकटतात, ब्रेकचं कॅलिपर जाम होतं, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं. आजचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, तेव्हा २०१२ चे रबरी पाइप बदलायचेच. ही सगळी वरची कामं, ती २५ हजारांत बसतीलही. पण सिलिंडरमध्ये ओल शिरून गंज धरला असेल तर हेड उघडा, बोअर करा, पिस्टन बदला, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात आधी लिहिलेलं नसतं. म्हणून २५ चे मी ४० धरतो. या खर्चाला विमाही ओळखत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता, आणि ती बाजारभावाकडे बघून ठरते, तुमच्या पावत्यांकडे बघून नाही.

आता तुमची शिल्लक. महिन्याचा खर्च २१,५००, उरतात ५,५००. नोकरी कंत्राटी, म्हणून किमान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ६४,५०० रुपये, हात न लावता बाजूला हवेत. बुलेट मॅकॅनिकच्याच आकड्याने घेतलीत तर ८० हजार गेले. वर विमा, नाव बदलणं, हेल्मेट, हातमोजे, बूट, रेनकोट यांचे नऊ हजार. हाती उरतात सहा हजार. कंत्राट वाढलं नाही तर एवढ्यात आठ-नऊ दिवस निघतील.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच कर्ज. ते ‘१२ टक्के’ फ्लॅट आहेत का, विचारा. ६० हजारांवर दोन वर्षांचं १२ टक्क्यांनी व्याज १४,४००, ते मुद्दलात मिळवून २४ ने भागलं की हप्ता ३,१००. पण तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण ६० हजारांवर देत राहता. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. तिकडे तुमच्या एफडीचं व्याज आठवा. हप्त्यात पेट्रोल मिळवा. मोशी ते चाकण रोज जाऊन-येऊन ३४ किलोमीटर, महिन्याला २६ दिवस धरू. बुलेट लिटरला ३२ देईल असं मानलं आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला सुमारे २,८७० रुपये. हप्ता आणि पेट्रोल मिळून जवळपास सहा हजार. आज प्रवासाला बावीसशे जातात. म्हणजे महिनाअखेर जे साडेपाच हजार उरायचे, त्यांचे सतराशे होतात, आणि त्यातूनच मॅकॅनिकला द्यायचे. हे कर्ज नको.

शाइन ५५ चा ॲव्हरेज देते असं धरलं तर तोच प्रवास साधारण १,६७० रुपयांत होतो. बुलेटपेक्षा महिन्याला बाराशे कमी, वर्षाला १४,४०० कमी. थर्ड पार्टी विम्याचा सध्याचा दर १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये आणि ३५० पर्यंत १,३६६ (जीएसटी वेगळा), तिथेही फरक आहे. पण पैशांपेक्षा मला वजनाची जास्त काळजी वाटते. तुमच्या पसंतीची गाडी १९० किलोच्या घरातली आहे, शाइन १२० च्या आसपास. पुणे-नाशिक महामार्गावर मागे कंटेनर, पुढे अचानक थांबलेला टेम्पो, आणि तुम्ही अजून क्लच सोडायला शिकताय. त्या बुलेटला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, नाही. १२५ सीसीपुढच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं २०१९ च्या एप्रिलपासून. शिकताना गाडी पडते, सगळ्यांची पडते. शाइन पडली तर एकटीने उचलाल.

शाइन घेतलीत तरी तुमची राखीव शिल्लक थोडी कमी पडते, हे लपवत नाही. ४२ हजार आणि वरचे आठ धरून ५० गेले, ४५ उरले. म्हणजे दोन महिन्यांची सोय, तीन नाही. पण शिकाऊ परवान्याचा महिना जाणारच आहे. पैसे दोन पगारांनंतर द्यायचं ठरवलंत तर तोवर ११ हजार आणखी जमतात. उरलेली तूट पुढच्या दोन महिन्यांत भरून निघेल. भाव ३८ पर्यंत आणता आला तर उत्तमच. सहकारी आहेत, म्हणून संकोच करू नका. एफडी मोडायचीच झाली तर फक्त लागेल तेवढी मोडता येते का, ते बँकेत विचारा.

बुलेटचं वेड मोडीत काढा असं मी म्हणत नाही. वर्षभर शाइन चालवा. गिअर, ब्रेक, पावसातला रस्ता अंगवळणी पडू द्या आणि महिन्याला दीड हजार ‘बुलेट’ नावाच्या वेगळ्या आरडीत टाका. तोवर मुलाने गाडी स्वतःच्या नावावर केली, २०२७ चं नूतनीकरण पार पडलं आणि भाव ३०-३५ च्या आसपास आला, तर मॅकॅनिकला घेऊन जा आणि मला पुन्हा लिहा. तेव्हा ती तुमची हौस असेल, पोटासाठी पळणारी गाडी नाही. हौसेची गाडी महिनाभर मेस्त्रीकडे पडून राहिली तरी कामावर जायला शाइन आहे. एक विनंती: तेव्हाही सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस काढून घेतात, त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

टोकनचे दोन हजार मागा. नोंदणी विकणाऱ्याच्या नावावर नसेल तर एवढं कारण पुरेसं आहे. नाहीच दिले तर सोडून द्या, दोन हजारांसाठी ८० हजारांच्या मागे जाऊ नका. बाबांना हा सगळा हिशेब वाचून दाखवायला हरकत नाही. ते बुलेटला नाही म्हणाले होते, शाइनबद्दल अजून त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही.

शाइन बघायला जाण्याआधी परिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तपासा, चलनं बाकी आहेत का तेही बघा. २०१८ ची गाडी आहे, म्हणजे नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवली आहे का, विचारा. नसेल तर आरटीओतली कामं अडतात. दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी लागतो, तो त्यांनी भरावा. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, तुम्हाला मिळेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. गाडी बघायला सकाळी जा, न सांगता लवकर जाता आलं तर अधिक चांगलं. गेल्या गेल्या इंजिनाजवळ हात नेऊन बघा. गार असेल तर पहिल्या किकला कशी उठते ते ऐका. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर सहकाऱ्यांकडे चहा घ्या, तासभर गप्पा मारा आणि इंजिन गार झाल्यावर पुन्हा किक मारा.