कंपन्या एकत्र झाल्यावर जुने राउटर, स्विच आणि फायरवॉल कसे काढायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाळूजची कंपनी आणि जालन्याची कंपनी एक झाली, जालन्याचं नेटवर्क आता नव्या कोअर स्विचवर (सगळे स्विच जोडणाऱ्या मुख्य स्विचवर) आलंय, आणि जालन्यात २ राउटर, १ फायरवॉल व १४ स्विच चालूच पडून आहेत. बंद कसे करायचे आणि नंतर त्यांचं काय करायचं?

रॅकमधून खोलायला दोन माणसांना एक दिवस पुरे. खरा वेळ जातो तो या डब्यांवर अजून कोण टेकून बसलंय हे शोधण्यात. त्यासाठी जुन्या एक्सेल यादीच्या भरवशावर राहू नका, उपकरणालाच विचारा.

पहिली गोष्ट, कशालाही रिबूट करू नका. आधी प्रत्येकाची रनिंग-कॉन्फिग (आत्ता मेमरीत चालू असलेली सेटिंग) उतरवून घ्या. कित्येक स्विचमध्ये केलेले बदल कुणी सेव्हच केलेले नसतात, त्यामुळे वीज गेली की ते गेले. शिवाय जालन्याच्या रोलिंग मिलच्या धुळीत वर्षानुवर्षं अखंड चाललेला स्विच एकदा थंड झाला की परत उठेलच याची खात्री नाही. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात, पंखा जाम झालेला असतो.

मग 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' (कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे), 'शो आयपी एआरपी' (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा आहे) या कमांड आणि प्रत्येक पोर्टवर आलेल्या पॅकेटचा आकडा बघा. सिस्कोच्या स्विचवर मॅकची नोंद साधारण ५ मिनिटांत पुसली जाते, एआरपीची ४ तासांत. म्हणून एकदा बघून भागत नाही. तिन्ही पाळ्यांत बघा, रात्रपाळी धरून. हमखास सुटतात ती गप्प बसणारी यंत्रं: वजनकाट्याचा पीसी, हजेरीचं बायोमेट्रिक, जनरेटरचा कंट्रोलर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅमिंग पोर्ट. यांना आयपी आणि गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) हाताने दिलेला असतो. गेटवेचा जुना पत्ता नव्या कोअरवर तसाच नेला असेल तर ठीक, नाहीतर एकेका यंत्रापाशी जाऊन बदलावा लागेल.

डीएचसीपीचं, म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटण्याचं, दुखणं उशिरा कळतं. जुना राउटर पत्ते वाटत असेल तर तो बंद केल्या क्षणी काहीच बिघडत नाही. लीज (पत्त्याची मुदत) संपली की एकेक पीसी गळायला लागतो. सिस्कोच्या राउटरवर मूळ लीज १ दिवसाची असते, विंडोज सर्व्हरवर ८ दिवसांची. त्यामुळे बुधवारच्या कामाची तक्रार गुरुवारी येते, किंवा पुढच्या आठवड्यात, आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही. दोन्ही कंपन्यांत १९२.१६८.१.० हीच मालिका असेल तर जुन्या राउटरवर तात्पुरतं म्हणून टाकलेलं नॅट (पत्ते बदलून देण्याची सोय) अजून चालू आहे का तेही बघा.

स्पॅनिंग-ट्रीचा (स्विचमध्ये डेटा गोल फिरू नये म्हणून मार्ग ठरवणाऱ्या पद्धतीचा, म्हणजेच एसटीपीचा) रूट, म्हणजे प्रमुख स्विच, कोण आहे ते 'शो स्पॅनिंग-ट्री रूट'ने तपासा. जुनाच स्विच रूट निघाला तर आधी नव्या कोअरची प्रायॉरिटी ४०९६ करा (आकडा लहान तो रूट). जुन्या पद्धतीच्या एसटीपीत रूट अचानक गेला तर मार्ग पुन्हा ठरायला ३० ते ५० सेकंद लागतात. ऑफिसातल्या माणसाला ते फारसं खटकणार नाही, पण लाइनवरचा स्काडा (यंत्रांवर नजर ठेवणारी प्रणाली) तेवढ्यात अलार्म देतो.

लीज्ड लाइन (कंपनीची स्वतंत्र भाड्याची इंटरनेट लाइन) सगळ्यात शेवटी सोडा. तिचा स्थिर आयपी बँकेच्या होस्ट-टू-होस्ट (थेट सर्व्हर-ते-सर्व्हर) पेमेंटमध्ये, ई-इनव्हॉइसच्या एपीआयमध्ये, ग्राहक कंपनीच्या व्हीपीएनमध्ये आणि मेलच्या एसपीएफ नोंदीत (मेल कुठून पाठवायला परवानगी आहे त्या यादीत) बसलेला असतो. बँकेकडून नवा आयपी मंजूर करून घेणं हे अकाउंट्सच्या सही-शिक्क्याचं काम आहे, ते पहिल्याच आठवड्यात सुरू करा. लाइनच्या करारातली नोटीसची मुदतही त्याच वेळी वाचून घ्या.

एवढं झालं की जुन्या उपकरणांचे पोर्ट 'शटडाउन' करा आणि चाचणी म्हणून महिनाभर तसेच ठेवा. केबल उपटू नका, वीजही चालू ठेवा, म्हणजे ओरड आली तर 'नो शटडाउन' केलं की काम झालं. लॉगिनसाठी कन्सोल केबल हाताशी ठेवा. हा बदल मात्र सेव्ह करा. सेव्ह केला नाही आणि आपल्याकडची वीज एकदा लुकलुकली, तर पोर्ट आपोआप उघडतील आणि महिनाभराची चाचणी फुकट जाईल. चाचणीत किमान एक महिनाअखेर यायलाच हवी. पुष्कळ जण हे काम सुटीत, महालक्ष्म्यांना किंवा दिवाळीत उरकतात. माझ्या मते रॅक खोलायला सुटी चांगली, पोर्ट बंद करायला वाईट. निम्मा प्लांट गावी गेलेला असताना काय बंद पडलं हे सांगणार कोण?

महिना शांततेत गेला की उपकरणांतली माहिती पुसायला घ्या. लायसन्स उपकरणाला बांधलेलं असेल तर आधी ते मोकळं करा. क्लाउडवरून चालणारं उपकरण डॅशबोर्डमधूनही काढा, नाहीतर घेणाऱ्याला ते वापरता येत नाही. सिस्कोच्या स्विचवर 'राइट इरेज' ही सेव्ह केलेली कॉन्फिग पुसणारी कमांड पुरत नाही. व्हीलॅनची (स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) फाइल फ्लॅशमध्ये वेगळी असते, तीही उडवा. ती राहिली, व्हीटीपीचा (व्हीलॅनची यादी सगळ्या स्विचवर आपोआप पसरवणाऱ्या सोयीचा) डोमेन तोच असला आणि रिव्हिजन नंबर मोठा असला, तर स्पेअर म्हणून लावलेला तोच स्विच चालू नेटवर्कचे सगळे व्हीलॅन पुसून टाकू शकतो. फोर्टिगेट फायरवॉलवर फॅक्टरी रिसेटने कॉन्फिग जाते, लॉगची डिस्क वेगळी फॉरमॅट करावी लागते. चालूच होत नाही त्या उपकरणाची फ्लॅश किंवा डिस्क काढून फोडा.

जुन्या कॉन्फिगमधले एसएनएमपी कम्युनिटी (उपकरणांवर नजर ठेवण्याचा पासवर्ड), रेडियसचा (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचा) सीक्रेट आणि व्हीपीएनची की हेच चालू नेटवर्कवरही वापरात असतील तर तिथे बदला. सिस्कोचा टाइप ७ पासवर्ड काही सेकंदांत उलगडतो. त्याला कुलूप समजू नका.

स्पेअर म्हणून वाळूजला चालू असलेल्या मॉडेलचेच दोन स्विच, पॉवर सप्लाय आणि एसएफपी (फायबर जोडायचे छोटे मॉड्यूल) ठेवा. बाकीचं साठवून कपाट अडवण्यात अर्थ नाही. जालन्याहून वाळूजला माल हलवताना डिलिव्हरी चलन लागतं, आणि राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वर किंमत असेल तर ई-वे बिलही. विकण्याआधी दोन गोष्टी अकाउंट्सला विचारा: उपकरण भाड्याचं किंवा बँकेकडे तारण तर नाही ना, आणि सीजीएसटीच्या कलम १८(६) प्रमाणे घेतलेल्या क्रेडिटपैकी किती परत भरावं लागेल.

उरलेलं किलोवर भंगारात घालू नका. ई-कचरा नियम २०२२ (१ एप्रिल २०२३ पासून लागू) नुसार आर्थिक वर्षात १,००० किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था 'बल्क कन्झ्युमर' ठरते. पीसी, प्रिंटर, फोन, एसी असं सगळं मोजलं तर वेगवेगळ्या असताना खाली असलेल्या दोन कंपन्या एकत्र झाल्यावर हा आकडा सहज ओलांडतात. मग माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यावा लागतो. रिसायकलरची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासा. यूपीएसच्या बॅटऱ्या या गठ्ठ्यात घालू नका, त्यांचे नियम वेगळे आहेत. गेट पासवर आणि रिसायकलरच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक उपकरणाचा सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं 'नेटवर्क स्क्रॅप, ८५ किलो' असं लिहिलेला कागद आला तर परत पाठवा, कारण ॲसेट रजिस्टरमधून नोंद काढायला ऑडिटर सिरियल नंबरच मागतो.