रेसलमेनिया ३९ (WWE या कुस्ती कंपनीचा मोठा वार्षिक कार्यक्रम) मधल्या टॅग टीम म्हणजे जोडी विरुद्ध जोडी सामन्यात चौघांपैकी सर्वांत चांगलं काम कोणाचं?
माझ्या मते जे उसोचं. १ एप्रिल २०२३ ला सॅमी झेन आणि केव्हिन ओवेन्सने जे आणि जिमी या उसो बंधूंचे बेल्ट (विजेतेपदाचे पट्टे) जिंकले, तो हा सामना. प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो, त्यामुळे मी बघते ते मार देताना आणि खाताना चेहऱ्यावर काय दिसतं ते. सॅमीला ब्लडलाइन या उसोंच्या गटात घ्यायला सगळ्यात जास्त विरोध जेचाच होता आणि नंतर त्याला आपलं मानून मिठीही त्यानेच मारली; पुढे सॅमी गटावर उलटला. म्हणून त्याच्या प्रत्येक सुपरकिकमध्ये (हनुवटीवर मारलेली उंच लाथ) दुखावलेल्या माणसाचा राग दिसतो. ओवेन्सने प्रेक्षक पेटवले, जिमीनेही साथ चोख दिली. मात्र आधीचे महिने पाहिले नसतील तर सॅमीच उजवा वाटेल: भरपूर मार त्याने सोसला आणि हेलुवा किक (कोपऱ्यात धावत येऊन मारायची त्याची खास लाथ) मारून जेला पिनही, म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे टेकवून चीतही, त्यानेच केलं.