पारावरचा हवालदार कुठं गेला?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. गेल्या महिन्यात त्यांना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस. 'तुमच्या आधारवर निघालेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, घरात कुणाला सांगायचं नाही.' बाबांनी घाबरून दोन दिवसांत ४ लाख भरले. तिसऱ्या दिवशी आम्हाला कळलं. पोलीस ठाण्यात गेलो, तर 'पैसे तुम्हीच पाठवले ना?' म्हणत साध्या अर्जावर आमची बोळवण केली. लहानपणी शिवाजी पेठेत आमच्या गल्लीचा हवालदार सायकलवरनं यायचा, पारावर बसायचा, पोराटोरांना नावानं ओळखायचा. आताचा पोलीस नेमका कशासाठी आहे?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी कामाचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला नसेल तर हे वाचून होताच करा. बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि पैसे गेले ते खातं जवळ ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून दहा खात्यांत पळतो. पहिल्या काही तासांत कळलं तर बँक तो वाटेत अडवू शकते. तुम्हाला उशीर झालाय, तरी नोंद कराच, एखाद्या खात्यात काही अडकलेलं असू शकतं. बाबांच्या मोबाइलमधलं काहीही पुसू नका.

ठाण्यात तुम्हाला जे ऐकवलं ते चूक आहे. फसवणूक आणि पोलिसाची तोतयागिरी, दोन्ही गुन्हे दखलपात्र. अशा फिर्यादीवर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. पुन्हा नकार आला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, पोस्टानं पाठवलं तरी चालतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. तो वाचून रात्री मला झोप लागली नाही.

मी १९८६ ला शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या उमेदीत आया पोरांना दटावायच्या, 'जेव, नाहीतर पोलीस येईल.' आम्ही चहाच्या गाड्यावर गेलो की बोलणाऱ्यांचा आवाज बसायचा. त्याला आम्ही रुबाब म्हणायचो, आणि तो आम्हाला आवडायचा. तुमच्या बाबांना लुटणाऱ्यानं फक्त वर्दी भाड्यानं आणली असेल. भीती त्याला आयती मिळाली, ती आमच्या पिढीनं घराघरांत पेरून ठेवली होती. 'डिजिटल अटक' असं कायद्यात काही नाही, पण पोलिसाला उलट विचारायचं नसतं हे बाबांना आयुष्यभर शिकवलं गेलं. त्यांना दोष देऊ नका.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४३. चिखलीत एक आजी बोटीत बसेना. म्हैस दावणीला होती, पाणी म्हशीच्या पोटाला लागलेलं. मी वाकून दावं कापलं, म्हैस पोहत उंचवट्याला लागली, मग आजी बसली. सगळी वाट माझी बाही मुठीत धरून होती. वर्षभरानं बांधावरनं भावकीत वाद पेटला, तेव्हा तिनं ठाण्याऐवजी मला फोन केला. माझी बदली झालेली, हद्द दुसऱ्याची. तरी मी बीट अंमलदाराला, म्हणजे त्या भागाच्या पोलिसाला, घेऊन गेलो, दोन्ही घरं समोर बसवली. डोकं फुटायच्या आत ते मिटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत याच कामाचं मला सगळ्यात समाधान आहे.

हवालदार पारावरनं उठला कारण त्याला बसायला सवड राहिली नाही. नवरात्रात अंबाबाईचा बंदोबस्त, चैत्रात जोतिबाची यात्रा, महाद्वार रोडवरची विसर्जनाची मिरवणूक, निवडणुका, शाहू स्टेडियमवरची मॅच. त्यात ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरवरचे कॉल आणि संगणकावरची नोंदणी. हे सगळं करावंच लागतं. पण गल्लीत कोण म्हातारं एकटं राहतं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. बीटचा माणूस आठवड्यातनं दोनदा जरी चालत फिरला असता, तर 'असा फोन आला तर आधी मला विचारा' हे बाबांच्या कानावर कधीच गेलं असतं. मला विचाराल तर बंदोबस्तातनं माणसं काढून बीटवर द्यावीत, आणि बीटचा माणूस उठसूट हलवू नये.

एक राहिलं. वय ६० च्या पुढं असल्यानं बाबांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. हवालदार येईल तेव्हा बाबांनाच दार उघडू द्या. ओळखपत्र बघायला सांगा, नाव आणि बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, त्यांच्या हातानं वहीत लिहून घेऊ द्या. मग चहा ठेवा.