बेशरमाच्या जागी काय?

प्रश्न : आमच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावात बेशरमाची झुडपं माजलीत. दोन वर्षांपूर्वी श्रमदान करून कापली, तर दुपटीने आली. आता गावात तणनाशक फवारायचं घाटतंय. फवारावं का?
— एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : नका फवारू. त्याच पाण्यात गुरं उतरतात, त्यावरच मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं पोट चालतं.

आधी एक कबुली देतो. आमच्या वाडीत बेशरम मीच लावलं. शाळकरी वय. बकऱ्या तोंड लावत नाहीत म्हणून बाबांनी काड्या आणल्या, मी कुंपणाला खोचल्या. जांभळट गुलाबी फुलं आली तेव्हा आई केवढी खूश! मूळ अमेरिकेतलं हे झाड अशाच कौतुकाने गावोगाव पोचलं. (बकऱ्यांचंही पूर्ण खरं नाही. चारा नसला की खातात, मग चटक लागते, पाय लटपटतात, मरतातही.)

तुम्ही कापलेल्या काड्या पाळीवरच टाकल्या असणार. वीतभर काडी ओल्या मातीला टेकली की मुळं धरते. त्यामुळे मे महिन्यात पाणी ओसरलं की मुळासकट खणा, पाण्यापासून लांब नेऊन कडक वाळवा. पावसाळ्यात फुटवे उपटायला पुन्हा उतरा. पुढच्या वर्षीही.

पण खरं काम त्यानंतरचं. बेशरमाच्या दाटीत पाण्याखालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, गाळ अडतो, काठ उथळ होत जातो. देवधान (पाण्यात आपसूक उगवणारा रानभात), कमळ मागे हटतं. मरळ अशाच काठच्या पाणवनस्पतींत वीण घालते. मच्छीमार सोसायटी तलावात सोडते ते रोहू, कतला मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळीचं तसं नाही, तिला फक्त जागा हवी.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन हेच केलं. बेशरम काढलं, तळ नांगरला आणि तिथे स्थानिक पाणवनस्पती लावल्या. एकदा जाऊन बघाच.

कुठली वनस्पती कुठे लावायची, हे मला विचारू नका. ऋषिपंचमीचं देवधान जिच्याकडून घेता, त्या ढिवर बाईला विचारा. खणायच्या दिवशी तिला काठावर उभी करा, नाहीतर उत्साहाच्या भरात उरलेलं देवधानही उपटाल. आमच्या गावात झालंय तसं.