गाडी जांभळी, आरसी पांढरी

ठाण्यातल्या मानपाड्याच्या एका वाचकाने पांढऱ्या हॅचबॅकला जांभळा-हिरवा, बघायच्या कोनागणिक बदलणारा ‘कॅमेलिऑन’ रंग मारून घेतला. चार महिन्यांनी कापूरबावडीला एक टेम्पो त्यांच्या दारावर घासून गेला. ‘आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) रंग पांढरा, गाडी भलत्याच रंगाची, फेरबदलांवर बंधनं घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग’ असं लिहून विमा कंपनीने क्लेम फेटाळला. दार गॅरेजने पुन्हा रंगवून दिलं, पण उन्हात ते एकटंच हिरवं दिसतं. केस कोणावर करू, असं ते विचारतात.

अशी पत्रं दर महिन्याला येतात. कधी रॅप, कधी अलॉय, कधी सायलेन्सर. वस्तू बदलते, चूक तीच. आरटीओला आधी विचारायला हवं होतं हे मी सांगत बसत नाही. ‘काही होत नाही साहेब’ असं गॅरेजवाला म्हणाला आणि तुम्ही कायद्याचं त्याच्याकडून ऐकलंत.

तुमचं सगळं प्रकरण कलम ५२ च्या शेवटी असलेल्या छोट्या स्पष्टीकरणावर उभं आहे. कंपनीने ते पत्रात सोयीस्करपणे गाळलं आहे. ‘फेरबदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं, असं ते सांगतं. रंगाने चासी बदलत नाही, इंजिन बदलत नाही, आसनंही बदलत नाहीत. कंपनीचा वकील सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पुढे करील. केरळमधून गेलेल्या त्या प्रकरणात उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही असं म्हटलंय, आणि रंगाचा रकाना आरसीवर असतोच. म्हणून शंभर टक्के जिंकाल असं मी लिहून देणार नाही. पण टेम्पो दारावर आदळण्याशी दाराच्या रंगाचा संबंध काय, याचं उत्तर कंपनीलाच द्यावं लागेल. एक गोष्ट मात्र तपासा: पॉलिसीचं रिन्यूअल रंगकामाच्या आधीचं होतं ना? नंतरचं असेल आणि ‘गाडीत बदल नाही’ यावर तुम्ही टिक केली असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते.

आता गॅरेज. पाचशेची नोट तिरकी करून बघा, त्यातला धागा हिरव्याचा निळा होतो. तुमच्या गाडीवरही तसलाच खेळ आहे. रंगातल्या सूक्ष्म चकत्यांच्या मधोमध ॲल्युमिनियमचा आरसा असतो, दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि वर क्रोमियमचा इतका पातळ पापुद्रा की त्यातून उजेड आरपार जातो. पापुद्र्यावरून परतणारा उजेड आणि आरशावरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतात. बघायचा कोन बदलला की त्यांच्या वाटेतलं अंतर बदलतं, म्हणून उठून दिसणारा रंगही बदलतो. साबणाच्या फुग्यावर दिसतं तेच. त्या डब्यात जांभळा नसतो आणि हिरवाही नसतो. त्यामुळे आरसीवर आरटीओतला अधिकारी नेमका कोणता शब्द चढवील, हे त्याच्या टेबलावरच कळेल.

हा रंग उठायला खाली सहसा काळा बेस लागतो. चकत्या किती सपाट बसल्या आणि हात किती मारले यावर छटा ठरते, म्हणून एकटं दार जुळवणं महाकठीण. तेव्हा गॅरेजला एकच प्रश्न लेखी विचारा: दाराखाली बेस कोणता मारला? पुट्टीवर काळा न मारताच फवारणी केली असेल तर सेवेतली त्रुटी सरळ दिसते. काळा मारूनही दार जुळलं नसेल, तर दार जुळणार नाही याची कल्पना त्याने आधी दिली होती का, एवढाच मुद्दा उरतो.

कंपनीकडून खास रंगाचा जादा खर्च मागू नका. पॉलिसीत तो कधी दाखवलाच नव्हता. साध्या रंगाचे पैसे मागा. रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात, पण सामान आणि मजुरीचं बिल एकत्रित असेल तर त्यातलं सामान २५ टक्केच धरतात. म्हणजे दहा हजारांच्या बिलात कात्री साडेबाराशेची. घसारा न कापणारी ‘झीरो डेप’ पॉलिसी असेल तर हाही हिशेब नको.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही नको. पण तक्रार नकाराच्या पत्रापासून वर्षभरात गेली पाहिजे, आणि सात महिने तुम्ही एजंटला व्हॉट्सॲप करण्यात घालवलेत. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते. मात्र आधी तिथे गेलात तर लोकपालाचं दार बंद. ठाण्याच्या आयोगात कायद्यातल्या तीन महिन्यांवर विसंबून राहू नका, तारखा कशा पडतात ते मी रोज बघतो.

राहिला आरटीओ. आरसीवर नवा रंग चढवायचा अर्ज या आठवड्यात द्या, जे दंडाचं असेल ते भरा. अर्जाआधी गाडी भर दुपारी सगळ्या बाजूंनी फिरून बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना राखून ठेवलाय, आणि तीन हात नाक्यावरचा हवालदार तुमची गाडी कोणत्या कोनातून बघेल हे तुमच्या हातात नाही.