बऱ्याच वर्षांनी परत शिडाच्या होडीत बसल्यावर कसं वाटतं?

तुम्ही विचारलंय की सहा वर्षांचा गॅप पडलाय, परत सेलिंगला गेलो तर तीच मजा येईल का, की हात सगळं विसरले असतील. माझा गॅप चार वर्षांचा होता आणि याच जानेवारीत संपला, म्हणून अगदी ताजं सांगतो.

आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. मुंबईला नोकरीत होतो तेव्हा बंदरात सेलिंग शिकलो, एंटरप्राइज म्हणून दोघांची होडी असते निळ्या शिडांची, तिच्यावर. पावसाळा सोडला तर ऑक्टोबर ते मे प्रत्येक रविवार तिथेच जायचा. मग आप्पांना लकवा मारला आणि मी सगळं सोडून गावी आलो, बाग माझ्याकडे आली. पाण्याची फारच आठवण झाली की चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर जाऊन बसायचो, हतनूर धरणामुळे तिथं पाणी चांगलं पसरलेलं असतं. पण नुसतं पाणी बघून भागत नाही हो, ज्याने शीड धरलंय त्याला वारा लागतो.

आणि आमच्याकडे वारा म्हणजे धास्ती. मे-जूनमध्ये वादळ आलं की घड लागलेली उभी बाग बघता बघता आडवी होते, वर्षभराचा खर्च जमिनीवर. म्हणून बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात वारा अडवायला. चार वर्षं मी वारा बघितला तो असा, आधी कुठल्या कोपऱ्यातली शेवरी वाकली, पानं कुठून फडफडायला लागली, आपल्या ओळीपर्यंत यायला किती वेळ आहे, आणि पोटात गोळा.

आता भाचा बाग सांभाळायला लागलाय, आप्पा काठी धरून ओट्यापर्यंत येतात, तेव्हा जानेवारीत भुसावळहून रात्रीची गाडी धरली. सकाळी बंदरात वारा जवळजवळ नव्हताच, थंडीत तिथं तसंच असतं, जमिनीवरून हलका येतो, मग मधे पडतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा सुरू होतो. होडी तयार करताना आठाची गाठ हातांनी स्वतःच मारली, मी विचार करेपर्यंत ती झालेली होती. खांदे मात्र लगेच बोलायला लागले. पहिल्याच टॅकला, म्हणजे वाऱ्यातून नाक फिरवून दिशा बदलताना, सुकाणू फार हळू वळवलं आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, शीड नुसतं फडफडतंय. मग बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, हाताने बाहेर ढकललं, होडी मागे सरकायला लागली तसं सुकाणू उलटं धरलं आणि नाक वळलं.

आणि मग दुपारी तो वारा आला. बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटाच्या बाजूला पाण्यावर एक गडद पट्टा उठलेला दिसला, आणि मला तो आधीपेक्षा लवकर दिसला हो, खरंच, शेवरी वाकताना दिसते तसा, तो किती वेळात पोचेल हे पण कळलं. होडीच्या तळाशी पाय अडकवायचे पट्टे असतात, त्यांत पाय घालून मी आधीच बाहेर झुकलो होतो. पट्टा आला, शीड भरलं, होडी एकदम ताठ होऊन निघाली आणि तळाखालच्या पाण्याचा आवाज बदलला, आधी चुळूक चुळूक चाललेलं ते एक सलग सळसळणं झालं, सुकाणूच्या दांड्यातून बारीक थरथर तळहातापर्यंत. चार वर्षं ज्याला बघून पोटात गोळा यायचा तोच वारा मला ओढून नेत होता आणि मी मोठ्याने हसत होतो, होडीतल्या जोडीदाराला वाटलं काहीतरी झालं. संध्याकाळी आप्पांचा फोन, "वारा लागला का रे पोरा?" आमच्या घरात असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता.

तुमची भीती मी हलकी करत नाही. पण आपल्या नौदलातला तो सेलर अभिलाष टॉमी आठवा, २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी, ऑपरेशन करून टायटॅनियम घातलं, परत चालायला शिकावं लागलं. तोच माणूस त्याच रेसच्या पुढच्या वेळी उतरला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारून दुसरा आला. आपल्याला तर एका दुपारपुरतं बंदरात जायचंय.

पहिल्या दिवशी सुकाणू दुसऱ्याकडे द्या, तुम्ही पुढचं शीड सांभाळा, डोळे मोकळे राहतात. हलक्या वाऱ्यात मुद्दाम एकदा होडी पालथी करून सरळ करून घ्या, ते जमलं की निम्मी धास्ती जाते. आणि सहा वर्षांपूर्वीचं लाइफ जॅकेट असेल तर निघायच्या आधी ते घालून उथळ पाण्यात उतरून बघा, माझ्या जुन्या जॅकेटचा फोम पार दबला होता, मला नवीन घ्यावं लागलं.