रिपोर्ट लांबला म्हणजे...?

प्रश्न : माझं वय ४७, राहणार कराड. डाव्या स्तनात गाठ लागली. मॅमोग्राफीत ‘बायरॅड्स ४’, म्हणजे संशयास्पद, असं लिहून आलं, म्हणून बायोप्सी केली. आठवड्यात रिपोर्ट येईल म्हणाले होते. आठव्या दिवशी फोन केला तर म्हणे, ‘आणखी एक टेस्ट लावलीय.’ तेव्हापासून झोप नाही. रात्री उठून गाठ चाचपते. फक्त मिस्टरांना माहीत आहे. गौरी तोंडावर आल्यात, सासूबाई फराळाची यादी करतायत. उशीर म्हणजे वाईटच ना?

उत्तर : ताई, मी २८ वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते, तेव्हा आधी आतली गोष्ट सांगते. तुमच्या गाठीतून निघालेले तुकडे शेवयांच्या चुऱ्याएवढे असतात. ते फॉर्मालिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, मुरावे लागतात. स्तनाच्या पेशीजालात चरबी जास्त, त्याला घाई चालत नाही. मग अल्कोहोल, झायलीन, मेण. मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करून तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. काप फाटला की पुन्हा. मध्ये रविवार आला की सगळं थांबलं.

आता ‘आणखी एक टेस्ट’. खोटा धीर देत नाही. कर्करोग दिसला की त्याचा प्रकार ठरवायला ही टेस्ट लावतात, आणि पेशी नेमक्या कसल्या हे उमगत नसलं तरीही लावतात. फोनवरच्या त्या वाक्यातून यातलं कुठलं हे कळत नाही. ते डॉक्टरांनाच विचारा: टेस्ट कशासाठी, आणि कुठल्या वारी कळेल? रोज लॅबला फोन नको. ‘बायरॅड्स ४’ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत असते. पुढे ए, बी की सी लिहिलंय ते बघा.

आणि गाठ चाचपणं थांबवा. बायोप्सीनंतर आत रक्त साकळतं, जागा कडक लागते. तुम्हाला वाटतं गाठ वाढली.

२०११ मध्ये माझीही बायोप्सी झाली होती. सहकाऱ्यांनी बघू नये म्हणून मी तुकडे दुसऱ्या लॅबला पाठवले. ब्लॉक आता कुठल्या टप्प्यात असेल ते तासातासाला ठाऊक, म्हणून जास्तच हाल. नऊ दिवस. एका दुपारी हरभऱ्याची डाळ दोनदा निवडली, दुसऱ्यांदा एक खडा निघाला नाही. निकाल काय लागला ते मुद्दाम सांगत नाही, तुम्ही तो स्वतःला लावून घ्याल.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. हल्ली रिपोर्ट मोबाईलवर येतो, तोही रात्री नऊला. त्यातले शब्द आणि इंटरनेट, दोन्ही एकदम नकोत. मिस्टरांच्या नंबरवर मागवा आणि डॉक्टरांसमोरच उघडा. काहीही निघालं तरी ब्लॉक आणि स्लाइड (काचपट्टीवरचे काप) मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं, टाटात जायचं झालं, तर तेच लागतात. सहसा पुन्हा टोचावं लागत नाही.

सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पुरण वाटायला या वर्षी जाऊबाईंना बसवा. टाके नसले तरी त्या बाजूला अजून ओढ बसत असेल. विचारलंच कुणी, तर खांदा धरलाय म्हणा.